सौंदर्यगृहाची कायदेशीर बैठक

घराच्या पुढल्या खोलीत एक खुर्ची, एक आरसा आणि थ्रेडिंगचा दोरा एवढ्याच भांडवलावर जी ब्यूटी पार्लर मांडते, तिला एकल मालकी सोयीची वाटावी हे स्वाभाविकच. मात्र कर्ज थकल्यास धनको तिच्या खाजगी मालमत्तेवरही हक्क सांगू शकतो, हे तिने प्रारंभीच ध्यानी घ्यावे.

दोघी मैत्रिणी एकत्र येतात तेव्हा परस्परविश्वासापोटी भागीदारीचा दस्तऐवज आणि नोंदणी करण्याचेच राहून जाते, आणि आमच्या मते हीच सर्वांत घातक हयगय होय. कारण १९३२ च्या भागीदारी अधिनियमाने नोंदणी सक्तीची केलेली नसली, तरी कलम ६९ अन्वये बिननोंदणीच्या संस्थेला, करारातून उद्भवलेल्या हक्कासाठी, त्रयस्थाविरुद्ध दिवाणी दावा सहसा लावता येत नाही. दायित्व मर्यादित ठेवणारी भागीदारी (एलएलपी) २००८ च्या कायद्याने उपलब्ध झाली आहे.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली, कामगारसंख्येनुसार, नोंदणी किंवा नुसती सूचना आवश्यक असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या ‘उद्यम’ नोंदणीस शुल्क नाही. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेली की जीएसटी लागू होतो. स्वतः तयार केलेले क्रीम डबीत भरून विकावयाचे असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडून सौंदर्यप्रसाधन-निर्मितीचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो.