बांधावरचा सरडा आणि वाढीचे जनुक

बदलापूरजवळच्या खरवईत आता कारखाने व इमारती वाढल्या असल्या, तरी जेथे भातखाचरे उरली आहेत तेथे बांधावर सरडा हमखास दिसतो. विणीच्या हंगामात नराचे डोके व गळा लाल होतो. त्यावरून तो रक्त पितो असा समज पसरला आणि पोरे त्याला दगड मारू लागली. प्रत्यक्षात तो मुंग्या, नाकतोडे, पतंग व अळ्या खातो.

बोटभर पिल्लाचा एवढा सरडा होतो तो वृद्धी संप्रेरकामुळे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीत हे प्रथिन तयार होते. ते रक्तावाटे यकृतात पोहोचले की यकृत 'आयजीएफ-१' नावाचा दुसरा पदार्थ तयार करते आणि हाडे व स्नायू यांची वाढ बऱ्याच अंशी त्यामुळे होते. गाय, माणूस आणि सरडा यांच्यात ही व्यवस्था मुळात सारखीच आहे. (द्राक्षावर फवारतात ती संजीवके निराळी. त्यांचा येथे संबंध नाही.)

या पदार्थांची जनुके शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. परंतु कणगीत बियाणे असणे वेगळे आणि ते पेरणे वेगळे. जनुकावरून प्रत्यक्ष पदार्थ तयार होण्याच्या क्रियेस जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. ती किती होते हे पेशीतील संदेशवाहक आरएनए मोजून समजते.

आपल्याकडे सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. योगायोग असा की अमेरिकेत ज्या सरड्यावर याविषयी भरपूर काम झाले, त्याचे नावच 'फेन्स लिझर्ड', म्हणजे कुंपणावरचा सरडा! या जातीत मादी नरापेक्षा मोठी असते. टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक दिल्यावर या सरड्यांची वाढ मंदावली आणि यकृतातील आयजीएफ-१ च्या जनुकाची अभिव्यक्तीही घटली, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. याच कुळातील 'यारो' सरड्यात नर मोठा असतो. तेथे हेच संप्रेरक वाढीस मदत करते. संप्रेरक एकच, परिणाम मात्र उलट.

शेतकरी बंधूंच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब खाद्याची आहे. सरड्यांचे खाद्य कमी केल्यास वाढ खुंटते आणि यकृतातील आयजीएफ-१ ची अभिव्यक्तीही उतरते. गुरांतही हेच घडते. अर्धपोटी वासराच्या रक्तात वृद्धी संप्रेरक भरपूर असते, पण यकृत त्याला दाद देत नाही. जातिवंत वासरू आणूनही ते खुरटे का राहिले, याचे उत्तर पुष्कळदा गव्हाणीतच सापडते.

सरड्याची गव्हाण म्हणजे आपला बांध. मादी पावसाळ्यात भुसभुशीत मातीत अंडी घालते आणि सुमारे सहा-सात आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. नेमक्या त्याच सुमारास भातावर फवारणी चालू असते व पंपात उरलेले औषध सर्रास बांधावर मारले जाते. त्यामुळे पिल्लांचे खाद्यच नाहीसे होते. म्हणून कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीपर्यंत पोहोचल्यावरच, लागेल तेवढेच औषध बनवून खाचरात फवारावे; बांधावर मारू नये. बांधाची डागडुजी करताना चिवट कवचाची लांबट पांढरी अंडी दिसल्यास ती न उलटवता तशीच मातीने झाकावीत.