टीका, सभ्यता आणि नीती

कोणी कडक बोलले वा लिहिले की आपण ते 'असभ्य' म्हणून निकालात काढतो. परंतु सभ्यता आणि नीती ही दोन वेगळी मापे आहेत. सभ्यता पाहते ते कसे सांगितले. नीती पाहते ते खरे आहे काय आणि त्याने कोणावर अन्याय होतो काय.

१८८२ चा कोल्हापूरचा खटला या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे, या तळमळीने टिळक व आगरकर यांच्या पत्रांतून कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप झाले. आधाराची कागदपत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागूनही चार महिन्यांची शिक्षा झाली. पैकी १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. हेतू चांगला होता. पण चांगला हेतू पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

आज तर प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. आपल्या सीमाभागात त्याचा धोका अधिक. 'अमक्या दुकानदाराने वजनात मारले' ही टीका झाली. 'ते लोक सगळे तसलेच' हा अन्याय झाला, मग तो मराठीत असो वा कन्नडात, आणि कितीही गोड शब्दांत असो.

म्हणून दोन प्रश्न विचारावेत. हे पडताळून पाहिले आहे काय? हे माणसाच्या कृतीबद्दल आहे, की त्याच्या भाषेबद्दल आणि जातीबद्दल? येथे जे टिकते ते कडक असले तरी ऐकून घ्यावे.