सुरी लागण्याआधी

मेंदूच्या नकाशाची बातमी होते ती आकड्यांमुळे. २०२४ साली फळमाशीच्या मेंदूतल्या १,३९,२५५ चेतापेशींची जोडणी जाहीर झाली. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये जेफ लिक्टमन यांच्या गटाने माणसाच्या मेंदूचा जेमतेम एक घन मिलिमीटर तुकडा उलगडून दाखवला. त्याच्या चित्रांनीच १.४ पेटाबाइट जागा खाल्ली. संगणकाचं कौतुक झालं, सूक्ष्मदर्शकाचंही झालं. पण ही चित्रं ज्याच्यातून निघतात तो रेझिनमधला काळा तुकडा कोणी आणि कसा तयार केला, हे सहसा कोणी विचारत नाही. खरं तर निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

अशा तुकड्यातून चित्रं काढायची एक पद्धत पाहा. हायडलबर्गच्या मॅक्स प्लांक वैद्यकीय संशोधन संस्थेतले विनफ्रीड डेंक आणि हाइन्त्स हॉर्स्टमन यांनी २००४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात कक्षातच हिऱ्याची सुरी बसवलेलं यंत्र मांडलं. ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठभागाचं चित्र घ्यायचं, पन्नासेक नॅनोमीटरचा पापुद्रा तासून काढायचा, खालचा पृष्ठभाग उघडा पडला की पुन्हा चित्र. (स्टीफन लेटन यांनी १९८१ मध्येच असं यंत्र करून पाहिलं होतं, पण इतकी चित्रं साठवणं तेव्हाच्या संगणकांना झेपणारं नव्हतं.) तासलेला पापुद्रा वायाच जातो. काही बिघडलं तर तोच काप पुन्हा तपासायची सोय नाही.

आणखी एक अडचण आहे. नेहमीच्या पद्धतीत आधी पातळ काप घेतात आणि मग ते शिसं, युरेनियम यांनी रंगवतात. इथे काप हाती लागतच नाही, म्हणून सगळे जड धातू आधीच, अख्ख्या ठोकळ्यात, थेट गाभ्यापर्यंत मुरवावे लागतात. कसब लागतं ते इथे.

सुरुवात घाईची असते. रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांतच पेशींची अंतर्रचना बिघडू लागते, म्हणून भूल दिलेल्या उंदराच्या हृदयातून ग्लुटरअल्डिहाइड आणि फॉर्मल्डिहाइड रक्तवाहिन्यांत सोडतात. प्रथिनं जागच्या जागी बांधली जातात. मग मेंदूचा हवा तो तुकडा कापून ऑस्मियमच्या द्रावणात ठेवतात.

ऑस्मियम टेट्रॉक्साइड बंद काचेच्या नळीत, फिकट पिवळ्या स्फटिकांच्या रूपात येतं. खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ होते आणि ती डोळ्यांच्या पारपटलाला इजा करते. फ्युम हूड म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर नळी फोडायची नाही हा पहिला नियम. सांडलंच तर प्रयोगशाळेत त्यावर मक्याचं तेल ओततात. तेलातल्या असंतृप्त मेदाला ऑस्मियम चिकटतं आणि तेल काळं पडतं. पेशींच्या पटलांतही असाच मेद असतो, म्हणून तिथेही तेच घडतं. तेलावरचा तो काळा डाग आणि चित्रातली पेशीची काळी रेघ यांचं रसायन एकच.

एकदा दिलेलं ऑस्मियम पुरत नाही. म्हणून मध्ये थायोकार्बोहायड्राझाइड देतात. ते पहिल्या ऑस्मियमला धरून ठेवतं आणि दुसऱ्या ऑस्मियमलाही पकडतं. पण त्याच्या आणि ऑस्मियमच्या झटापटीत नायट्रोजनचे बुडबुडे निघतात आणि नाजूक ऊतीला आतून चिरा पाडतात. दुसरा त्रास थराचा. ऑस्मियम आणि फेरोसायनाइड ही दोन रसायनं एकत्र दिली की बाहेरचा थर गडद होतो आणि गाभा फिका राहतो. २०१५ साली फ्रँकफुर्टमध्ये मोरिट्झ हेल्मश्टेटर यांच्या गटाने दोन्ही वेगवेगळी, एकामागून एक दिली. एवढ्याने किमान एक मिलिमीटर जाडीचा तुकडा सगळीकडे सारखा रंगू लागला. यंत्र तेच, रसायनंही तीच. बदलला तो क्रम. मला या क्षेत्रातली सर्वांत देखणी सुधारणा हीच वाटते.

युरेनिल अॅसिटेट आणि शिशाचं अॅस्पार्टेट हे पुढचे टप्पे. मग अल्कोहोल किंवा अॅसिटोनच्या वाढत्या तीव्रतेतून पाणी काढायचं, कारण एपॉक्सी रेझिन पाण्यात मिसळत नाही. घाई केली तर रेझिन आत पोचत नाही, तिथला भाग मऊ राहतो आणि सुरी थरथरते. शेवटी साठ अंशांच्या ओव्हनमध्ये दोन दिवस.

ठोकळा घट्ट झाला म्हणजे संपलं असं नाही. ज्या रेझिनमध्ये ऊतीच नाही त्यात धातू नसतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिथे अडकून विद्युतभार साठतो आणि चित्र फाकतं. म्हणून रिकामं रेझिन तासून टाकतात, तुकडा अॅल्युमिनियमच्या पिनवर चांदीमिश्रित एपॉक्सीने चिकटवतात आणि बाजूंवर सोन्याचा पातळ मुलामा चढवतात.

सुरी लागण्याआधी बरेच गट आता ठोकळ्याचं एक्स-रे स्कॅन करून घेतात. त्यात रक्तवाहिन्या, रंगाचा चढउतार, आतले तडे दिसतात. गाभ्यातच तडा निघाला तर तो ठोकळा बाजूला ठेवून नव्या उंदरापासून सुरुवात करायची.