टेकडीवरचं गवत

मारुंजीच्या टेकडीवर झाडं लावायला आम्ही ओळीनं पाच पावसाळे गेलो. खांद्यावर कुदळी आणि मनात ‘उघडी टेकडी हिरवी करतोय’ हा अभिमान. उन्हाळ्यापर्यंत निम्मी रोपं वाळून जात. दोष आम्ही कातळाला देत असू, नाहीतर बकऱ्यांना.

एके दिवशी बकऱ्यांमागून येणारे एक आजोबा खड्ड्यापाशी थांबले. “आरं पोरांनो, चांगलं मारवेल उपटून टाकताय की! मग जनावरांनी खायाचं काय?” आमच्यापाशी उत्तर नव्हतं.

तेव्हापासून गवताकडे नीट पाहू लागलो. मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी. पायमोज्यांत घुसून छळते ती हीच कुसळी! तिच्या कुसळाला पीळ असतो. ओल लागली की तो सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं वळतवळत बी आपणच जमिनीत शिरतं. त्याला ना खड्डा लागतो, ना कुदळ.

सरकारी कागदांवर मात्र अशा जमिनी ‘पडीक’. लाकूड नाही, सारा नाही, म्हणून ती वाया गेलेली, ही इंग्रजी अमदानीतली नजर. त्यापायी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर परदेशी गिरिपुष्प लावलं गेलं. ते झपाट्यानं वाढतं, पण त्याच्या दाट सावलीत गवत टिकत नाही. मग जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलानं जायचं कुठं? सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज तिथं तो पक्षी दिसणं दुर्मीळ.

पूर्वी सगळीकडे घनदाट अरण्य होतं, असं आपण शाळेपासून ऐकतो. घाटमाथ्याची गोष्ट वेगळी. पण आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुनं मराठी वाङ्मय आणि ओव्या चाळून त्यांतल्या ४४ रानवनस्पती नोंदवल्या, त्यांपैकी २७ माळरानाच्या निघाल्या. त्यांचा निबंध २०२५ सालचा. इथले माळ शेकडो वर्षं माळच आहेत, तुटलेली जंगलं नव्हेत!

आता आम्ही सातआठ जण मार्गशीर्षात, गवत वाळलं की, वनखात्याला विचारून जाळरेषा काढतो. विळ्यानं गवताचा पट्टा कापून जमीन मोकळी करायची, म्हणजे वणवा पलीकडे जात नाही. काम कंटाळवाणं. फोटोतही काही दिसत नाही.

यंदा एका कंपनीचा निरोप आला : दोनशे माणसं, हजार रोपं, जूनचा पहिला रविवार. मी कळवलं, “रोपं नकोत. विळे घेऊन डिसेंबरात या.”

अजून उत्तर आलेलं नाही.