चोर्ल्याला टप उघडून निघताय? गोचिडीचाही हंगाम हाच

बेळगाव : पाऊस थांबला, रस्ते सुकले की शहरात वर्षभर झाकून ठेवलेल्या काही लाडक्या गाड्या बाहेर पडतात. आमच्या एका वर्गमित्राकडे अशीच एक सान स्टॉर्म आहे. रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या बंगळूरच्या सान कंपनीने काढलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. फायबरची बॉडी, उघडता येणारा टप आणि रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. फार खपली नाही, त्यामुळे सुट्या भागांसाठी गावोगाव फोन करावे लागतात. या खर्चाचा ताळेबंद मी बीकॉमच्या हिशोबाने मांडून दिला असता, पण वहिनींच्या हाती लागला तर गाडी विकायला लागेल, म्हणून गप्प बसलोय.

अशा गाडीला रविवारचा रस्ता एकच, चोर्ल्याचा. पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबीला पोचायचं. अंतर ४५ किमीच्या आसपास. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. याच खानापूर तालुक्यातल्या देगावला उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला गोव्याच्या समुद्राकडे वळते. पुढे घाटमाथ्यावर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्राच्या हद्दी जवळ येतात. गाडी बुटकी असेल तर गतिरोधक तिरपा घ्या, उतारावर ब्रेक दाबत न बसता दुसऱ्या गिअरवर उतरा. बाकी रस्त्याचं गाडीवाल्यांना सांगायला नको.

सांगायचं आहे ते गाडीतून उतरल्यावरचं. टप उघडून फिरायचे महिने म्हणजे डिसेंबर ते मे. माकडतापाचा, म्हणजे केएफडीचा, जोर असतो तोही याच महिन्यांत. हा रोग १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याचं ते नाव. गेल्या काही वर्षांत तो आपल्या बाजूला सरकलाय. घाटाखालच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याचे रुग्ण सापडले. काजूचा हंगामही तेव्हाच असतो, त्यामुळे खरा फटका बसतो तो रानात राबणाऱ्यांना. हौशी फिरणाऱ्यांचा नंबर नंतरचा, पण गोचीड माणूस बघून चावत नाही.

नाव माकडताप असलं तरी तो माणसाला सहसा देते गोचीड. माकडांना लागण झाली की ती मरतात आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात. पिल्लावस्थेतली गोचीड तिळाएवढी किंवा त्याहून बारीक असते, चावलेलं कळतही नाही. पालापाचोळ्यात बसणं, झुडपात शिरून फोटो काढणं, इथेच ती अंगावर चढते. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन खात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही.

पायवाटेने जायचं तर पूर्ण बाह्या, लांब पँट, मोज्यांत खोचलेली. कपडे फिके असू देत, गोचीड दिसते. कीटकरोधक मलम घोटे, मनगटं आणि मानेला लावा. भीमगड आणि म्हादई दोन्ही अभयारण्यं आहेत, तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. दोन राज्यांची खाती वेगळी, तेव्हा एकाची चिठ्ठी दुसऱ्याकडे चालत नाही.

परत गाडीत बसण्याआधी कपडे झटका, जमलं तर बदला आणि उतरवलेले पिशवीत बांधून ठेवा. स्टॉर्मसारख्या गाडीत सामानाला जागाच नसते. मळके कपडे सीटच्या मागे कोंबले जातात आणि गोचीड आरामात घरी येते. आमचा मित्र बॉनेटवरची धूळ मऊ फडक्याने तीनदा पुसतो, घोटा एकदाही बघत नाही! घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा. काखा, जांघा, कानामागे आणि गुडघ्यामागे नीट तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावणं, विडीचा चटका देणं नको.

चाव्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांनी एकदम जोराचा ताप येतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. काहींना रक्तस्रावही होतो. १०० रुग्णांमागे ३ ते ५ जण दगावतात, असा अंदाज दिला जातो. ताप उतरून आठवडा-दोन आठवड्यांनी काहींना दुसऱ्यांदा चढतो. विषाणूवर नेमकं औषध नाही, पण वेळेत दाखल झालं तर सलाईन आणि देखरेखीने बहुतेक जण बरे होतात. मनाने अंगदुखीच्या गोळ्या खाऊ नयेत, त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो.

घोळ होतो तो वारांचा. रविवारी जंगल, ताप पुढच्या शुक्रवारी. तोपर्यंत तुम्ही टिळकवाडीतल्या दवाखान्यात असता, आणि शहरातल्या डॉक्टरांच्या डोक्यात आधी डेंग्यू किंवा टायफॉईड येणार. म्हणून गेल्या गेल्या सांगा : कुठल्या तारखेला, कुठल्या रानात गेलो होतो, गोचीड चावली होती का. पहिल्या काही दिवसांतच रक्ताच्या आरटीपीसीआर तपासणीत विषाणू सापडतो. खिशात चोर्ल्याच्या वाटेवरच्या पेट्रोलची पावती असेल तर तीसुद्धा दाखवा, तारीख तिच्यावर छापलेली असते.