दिल्लीतील एक दिवस : अक्षरांच्या वाटेने

शैक्षणिक सहल दिल्लीस निघाली की कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो : लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट. वाटाड्या प्रत्येक ठिकाणी राजांची नावे आणि सने झरझर सांगतो, मुले छायाचित्रे काढतात आणि घरी परतेपर्यंत सगळे घुमट एकमेकांत मिसळून गेलेले असतात. जी राजधानी इतक्या वेळा वसली आणि इतक्या वेळा मोडली, ती एका दिवसात पाहून होणार नाही. म्हणून आमच्या वसतिगृहातील मुलांना घेऊन जाताना आम्ही एकच सूत्र धरतो : सम्राट अशोकाचे दिल्लीत असलेले तीन लेख आणि त्यांच्या वाटेवरच असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अखेरचे निवासस्थान. जे पालक किंवा माजी विद्यार्थी आपल्या मुलांसह दिल्लीस जातील, त्यांनाही हा मार्ग उपयोगी पडावा, या हेतूने तो येथे सविस्तर देत आहोत.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. अशोकाची राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा, दिल्ली नव्हे. त्याच्या तीन लेखांपैकी दोन स्तंभ चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशाह तुघलकाने बाहेरून दिल्लीत आणले. तिसरा लेख मात्र मूळच्या जागीच खडकावर कोरलेला आहे.

सहलीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही मुलांना ब्राह्मी लिपीची थोडी ओळख करून देतो. अशोककालीन ब्राह्मी शिकण्यास सोपी आहे. ‘क’ म्हणजे गणितातील अधिकचे चिन्ह, ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ, ‘थ’ म्हणजे वर्तुळात एक टिंब. दोन-तीन दिवसांत मुले आपापली नावे त्या लिपीत लिहू लागतात. एवढी तयारी असली की दिल्लीत पोहोचल्यावर तो दगड त्यांना परका वाटत नाही.

सकाळी उत्तरेकडून आरंभ करावा. दिल्लीच्या रिजवर, हिंदूराव रुग्णालयाजवळ, मूळचा मेरठचा अशोकस्तंभ उभा आहे. बादशहा फर्रुखसियरच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले. दीर्घकाळ ते विखुरलेले होते. १८६७ साली ते सांधून स्तंभ पुन्हा उभारण्यात आला. अक्षरे बरीच झिजली आहेत, पण सांधे स्पष्ट दिसतात. मुलांना आम्ही ते सांधे मोजायला सांगतो. दगडावर कोरलेले तेवढे अमर, ही समजूत येथेच ढळते. लेख टिकतो तो कोणीतरी तुकडे जपून ठेवल्यामुळे.

तेथून जवळच २६, अलीपूर रोड. १९५१ साली केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यानंतर बाबासाहेब येथे राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी येथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आदल्या रात्री ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९५७ साली, त्यांच्या पश्चात. आज त्या जागी उघड्या पुस्तकाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. त्याचे उद्घाटन एप्रिल २०१८ मध्ये झाले. दादरच्या चैत्यभूमीवर आपल्यापैकी बहुतेक जण गेलेले असतात; परंतु ज्या ठिकाणी ती अखेरची रात्र लेखनात सरली, ते ठिकाण पाहिलेले फार थोडे. येथे घाई करू नये.

दुपारच्या आत फिरोजशाह कोटला गाठावा. दिवसाचा मध्य हाच. भग्न किल्ल्यातील तीन मजली चौथऱ्यावर सुमारे १३ मीटर उंचीचा अखंड दगडी स्तंभ उभा आहे. तो मूळचा टोपरा येथील, म्हणजे आजच्या हरियाणातील. तो दिल्लीस कसा आला, याचे वर्णन शम्स सिराज अफीफ या तत्कालीन इतिहासकाराने करून ठेवले आहे. स्तंभ आडवा होताना फुटू नये म्हणून खाली सावरीच्या कापसाच्या राशी घातल्या. त्याला बोरू आणि कच्चे कातडे गुंडाळले. बेचाळीस चाकांची गाडी बनविली. प्रत्येक चाकाला दोर बांधून एकेक दोर दोनशे माणसांनी ओढला. यमुनेवरून मोठ्या नावांतून तो राजधानीत आला. मुले लगेच गुणाकार करतात : आठ हजार चारशे माणसे! एवढ्या माणसांपैकी एकाचेही नाव इतिहासात नाही, हेही आम्ही त्यांच्या लक्षात आणून देतो.

एवढ्या कष्टाने आणलेला हा लेख कोणालाच वाचता येत नव्हता. सुलतानाने विद्वानांना पाचारण केले. कोणालाही अर्थ लागला नाही. सतराव्या शतकात आलेल्या थॉमस कोर्याट या इंग्रज प्रवाशास तो सिकंदराचा विजयस्तंभ वाटला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख भर उजेडात उभा होता. त्याला कुलूप नव्हते, पहारा नव्हता. नव्हता तो केवळ वाचक.

तो वाचक लाभला १८३७ साली. कलकत्त्याच्या टाकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्यापुढे सांचीच्या स्तूपावरील लहान लहान लेखांचे ठसे आले. त्यांतील बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती. हे दान देणाऱ्यांचे लेख असावेत, असा तर्क त्यांनी केला. म्हणजे ती दोन अक्षरे ‘दानं’. या किल्लीने उरलेली लिपी उलगडत गेली आणि दिल्लीचा स्तंभ बोलू लागला. ‘देवानंपिय पियदसी’ म्हणजे कोण, हे मात्र लगेच कळले नाही. सिंहलातील पाली ग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नर यांनी तो अशोक असल्याचे दाखविले. पुढे १९१५ साली मस्की येथे सापडलेल्या लेखात प्रत्यक्ष अशोकाचे नाव मिळाले. सम्राटाच्या लेखाची किल्ली सापडली ती भिक्षु, भिक्षुणी, गृहिणी, व्यापारी अशा साध्या दात्यांच्या दोन अक्षरांत, ही गोष्ट मुलांना विशेष आवडते.

या स्तंभावर सात शासने आहेत. सातवे शासन अन्य कोणत्याही स्तंभावर नाही. रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, पाणपोया घातल्या, हे त्यात नोंदविलेले आहेच. पण नियमांपेक्षा मन वळविण्यानेच धम्म अधिक वाढला, असाही त्याचा आशय आहे. चौथ्या शासनात देहान्ताची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत देण्याची आज्ञा आहे. खालून अक्षरे नीट दिसत नाहीत; म्हणून ठशाचे छायाचित्र मोठे करून सोबत न्यावे आणि स्तंभाच्या छायेत मुलांकडून एक-दोन ओळी लावून घ्याव्यात.

गुरुवारी गेल्यास येथे आणखी एक दृश्य दिसते. भाविक कोनाड्यांत मेणबत्त्या लावतात आणि जिन्नांच्या नावे आपल्या अडचणींचे अर्ज लिहून ठेवतात. ती श्रद्धा आपली नाही. तरी मुलांना आम्ही थट्टा करू देत नाही. आपले गाऱ्हाणे कोणीतरी वाचावे, ही माणसाची आस समजून घेण्याजोगी आहे.

जेवणानंतर जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालय. सोमवारी ते बंद असते, हे ध्यानात ठेवावे. थायलंडने भेट दिलेल्या सोनेरी मंडपात पिप्रहवा येथील उत्खननात मिळालेले अस्थिधातू ठेवलेले आहेत. येथे व्याख्यान नको, मौन पुरे. वाटेवर मुलांना राजमुद्रा दिसेल तेथे थांबवून आठवण द्यावी : तिरंग्यावरील चक्र २२ जुलै १९४७ रोजी, तर सारनाथच्या सिंहांची मुद्रा २६ जानेवारी १९५० रोजी राष्ट्राने स्वीकारली.

शेवटचे ठिकाण दक्षिण दिल्लीतील बहापूर. १९६६ साली वसाहतीचे काम चालू असताना येथील खडकावर अशोकाचा लघुलेख आढळला. आज तो छत आणि जाळी यांच्या आत आहे. येथे भव्य असे काहीच नाही; पुष्कळ वाटाड्यांना ही जागा ठाऊकही नसते. म्हणून मार्गदर्शक ठरवितानाच त्यास ठिकाणांची यादी द्यावी. या लेखात राजा स्वतःविषयी सांगतो की उपासक होऊन अडीच वर्षे लोटली तरी आरंभी वर्षभर आपल्या हातून फारसा प्रयत्न झाला नाही. संघाच्या निकट गेल्यावर तो झटू लागला. हे फळ केवळ थोरांसाठी नाही, प्रयत्न करील तर लहानालाही मिळेल, असा पुढील आशय आहे. दिवसभर पाहिलेल्या उंच स्तंभांनंतर हा बसका खडकच मुलांच्या स्मरणात राहतो, असा आमचा अनुभव आहे.

या एका दिवसासाठी आम्ही इतका आग्रह का धरतो? आपल्यापैकी अनेकांच्या घरी अंगठा उठविणारी पिढी अजून हयात आहे. अक्षर डोळ्यांपुढे असावे आणि वाचण्याचा अधिकार नसावा, हे दुःख आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले. फिरोजशाहापुढचे विद्वान लिपी विसरली म्हणून निरुत्तर झाले. आपल्या आज्या-पणज्यांना ती शिकूच दिली गेली नाही. त्यांच्या नातवंडांनी त्या स्तंभासमोर उभे राहून ‘देवानंपिय’ हा शब्द स्वतः लावावा, यापरते सहलीचे सार्थक दुसरे कोणते?

पालकांना एवढीच विनंती, की मूल परत आल्यावर त्याला ‘काय काय पाहिलेस’ असे विचारू नये. ‘काय वाचलेस’ असे विचारावे. आणि आजी-आजोबा घरी असतील तर त्यांचे नाव ब्राह्मीत लिहून दाखविण्यास अवश्य सांगावे.