तारमास्तरांची नात

घरात एखादे मूल पदवीधर झाले, की आपल्याकडे पेढे वाटतात. पण तेच मूल दुसऱ्या दिवशी "मला अजून शिकायचे आहे" म्हणाले, की पेढ्याचा घास घशातच अडकतो! आमच्याही घरी २०२२ साली नेमके असेच झाले.

मी लोणावळ्याचा एक निवृत्त तारमास्तर. १९७३ साली तारखात्यात चिकटलो आणि २०१० साली हार गळ्यात घालून घरी आलो. चिरंजीवांचे बाजारात चिक्कीचे लहानसे दुकान आहे. सूनबाई दुकानाचा हिशेब पाहतात. आणि आमची नात घराण्यातली पहिली इंजिनियर. शेवटच्या वर्षाला असतानाच तिला हिंजवडीच्या एका कंपनीचे नेमणूकपत्र आले. चिरंजीवांनी मनातल्या मनात दुकानाचे कर्जही फेडून टाकले. आणि त्याच आठवड्यात 'गेट' परीक्षेचा निकाल लागला. बाईसाहेब उत्तम गुणांनी पास! म्हणाल्या, "मी एम. टेक. करणार. नेटवर्किंग शिकणार."

झाले! रात्री जेवणानंतर गोलमेज परिषद भरली.

"हातातली नोकरी सोडून दोन वर्षे पुन्हा पुस्तके?" चिरंजीव म्हणाले.

"आणि त्यातून शिकायचे काय, तर जाळे?" आमच्या कुटुंबाने विचारले. "जाळे कोळ्याचे!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. खोटे कशाला बोलू? माझेही मत नोकरीच्या बाजूने होते. मध्यमवर्गी माणसाला महिन्याच्या पहिल्या तारखेचे जेवढे आकर्षण, तेवढे परमेश्वराचेही नसते. मी तसे बोलणार, एवढ्यात पोर माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आबा, आक्काआजीचा निरोप आठवतो ना?"

मी गप्प झालो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आंदर मावळात, डोंगराच्या कुशीत तिचे घर. २०२१ च्या जुलैत पावसाने कहर केला. वीज गेली, मोबाइलचा मनोरा आंधळा झाला. त्या रात्री आठ वाजता आक्काच्या छातीत दुखू लागले. भाच्याने आम्हाला फोन लावून पाहिला. लागेना. म्हणून निरोप लिहून धाडला, "आक्काला बरे नाही, लगेच या." तो निरोप त्याच्या फोनमध्येच अडकून बसला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझ्या खिशात फोन वाजला. आक्का नऊ वाजताच गेली होती. ज्याने सदतीस वर्षे दुसऱ्यांचे निरोप वेळेवर पोहोचवले, त्याच्या सख्ख्या बहिणीचा निरोप पंधरा तास वाटेत राहिला! हे दुःख मी कोणाला बोलून दाखवले नव्हते. पण पोरीने ते पाहिले होते.

"जाऊ दे तिला," मी म्हणालो. परिषद बरखास्त झाली.

मग तिला पुण्याच्या सीओईपीत प्रवेश मिळाला. १८५४ साली निघालेली ही संस्था, आणि २०२२ मध्ये तिचे विद्यापीठ झाले. 'गेट'मधून आलेल्या विद्यार्थ्याला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळत होते, त्यामुळे चिरंजीवांचा विरोध अर्धा मावळला. उरलेला अर्धा लोकलने मावळला. पुणे-लोणावळा लोकल १९७८ च्या मार्चमध्ये सुरू झाली. या लोकलने मावळातल्या किती पोरांना शिकवले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पहाटे डबा घेऊन निघायचे, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव करीत शिवाजीनगरला उतरायचे, आणि वाटेत पुस्तक वाचायचे. आमची नात दोन वर्षे तशीच शिकली.

आता हे 'नेटवर्किंग' म्हणजे काय, हे समजून घेण्याची मला हौस. एका रविवारी तिने मला चिक्कीच्या दुकानातच धडा दिला.

"आबा, समजा नागपूरहून शंभर किलो चिक्कीची मागणी आली. सगळी एका पेटीत मावत नाही. मग तुम्ही काय कराल? शंभर खोकी करायची, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घालायचा. काही खोकी रेल्वेने, काही एसटीने, काही मालमोटारीने. कुठला रस्ता बंद असेल, तर खोके दुसऱ्या वाटेने. नागपूरचा व्यापारी क्रमांकाने ती लावून घेईल आणि सत्तेचाळीस नंबरचे आले नाही, तर तेवढेच पुन्हा मागवील."

इंटरनेट अशाच खोक्यांवर चालते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. खोक्यांवर पत्ता कसा घालावा आणि हरवलेले कसे मागवावे, याचे नियम व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे १९८६ साली 'अर्नेट' या नावाने आयआयटी, बंगलोरची विज्ञान संस्था आणि मुंबईची एनसीएसटी यांना जोडण्याचे काम निघाले. आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले.

"पण एवढे तर पदवीलाही शिकवले असेल," मी म्हणालो.

"पदवीला यंत्र कसे चालते ते शिकलो. आता ते का अडते, ते शिकायचे आहे."

पहिल्या वर्षी गणित, आणि तेही भरपूर. निरोपांची रांग किती लांबेल, याचे शास्त्र आहे. त्याचा पाया एर्लांग नावाच्या गृहस्थाने १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत घातला. ते ऐकून मला दिवाळीतली तारऑफिसातली गर्दी आठवली. आम्ही नुसता घाम पुसत होतो. त्या गृहस्थाने घामाचे गणित केले! शिवाय जवळची वाट शोधण्याच्या रीती, बिनतारी संदेश, चोरांपासून संरक्षण. दुसरे वर्ष जवळजवळ सगळे प्रबंधाचे.

प्रबंधाचा विषय तिने मला विचारूनच घेतला असे म्हटले तरी चालेल. एके संध्याकाळी म्हणाली, "आबा, तुमच्या वेळी लाइन तुटली, तर हातातल्या तारेचे काय करायचा?"

"काय करायचे? ठेवून द्यायची. लाइन आली की पुढे पाठवायची. फारच तातडीची असली, तर माणसाबरोबर पुढच्या स्टेशनला धाडायची."

ती उडालीच! साठवा आणि पुढे पाठवा, हाच तिचा विषय. नेहमीचे इंटरनेट असे गृहीत धरते, की या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट उघडी आहे. वाट तुटली, की ते थोडा वेळ धडपडते आणि हात टेकते. पण अंतराळयानांशी बोलणाऱ्या शास्त्रज्ञांना तसे हात टेकून कसे चालेल? म्हणून त्यांनी थांबत थांबत जाणारे जाळे योजले. आणि जे अंतराळात चालते, ते आंदर मावळात का चालू नये? कर्नाटकात दोड्डबळ्ळापूरकडे 'डाकनेट' नावाचा प्रयोग झालेला आहे. बसवर लहानसे यंत्र बसवलेले. बस गावात शिरली, की निरोप उतरतात आणि चढतात. आपल्या पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून खेड्यांत इंटरनेट नेऊन दाखवले आहे.

पोरीने संगणकावर लटका मावळ उभा केला. त्यात एसटी, दूधगाडी, शाळामास्तरांची मोटारसायकल. निरोपाच्या नकला कोणाकोणाच्या हाती द्यायच्या? फार दिल्या, तर फोनची बॅटरी संपते. कमी दिल्या, तर निरोप हरवतो. या एका प्रश्नावर तिने वर्षभर डोके खपवले. मध्ये दोन महिने आकडे जुळेनात. लोकलमधून उतरायची ती रडवेली. चिरंजीव एकदाही "मी सांगत होतो" म्हणाले नाहीत; रोज स्कूटर घेऊन स्टेशनवर उभे राहिले.

प्रबंध पुरा झाल्यावर मी भीत भीत विचारले, "आक्काच्या वेळी याचा उपयोग झाला असता का गं?"

तिने तोंडदेखले उत्तर दिले नाही. म्हणाली, "डॉक्टर वेळेवर आला असता, असे मी म्हणणार नाही. तातडीच्या निरोपाला ही रीत पुरेशी नाही, हे मी शेवटच्या प्रकरणात लिहिलेसुद्धा आहे. त्याला पक्का मनोरा आणि पक्की वीजच हवी. पण निरोप पहाटेच्या दूधगाडीने टाकव्यापर्यंत आला असता, आबा. सहा वाजता तुम्हाला कळले असते. तुमची भेट झाली असती."

भेट झाली असती! एवढ्याचसाठी तर माणसे तारा करीत होती.

२०२४ साली ती एम. टेक. झाली. आज पुण्यात नेटवर्कच्याच कामावर आहे. दुकानाचे कर्ज दोन वर्षे उशिरा का होईना, फिटत आले आहे. ज्यांच्या घरी अशी परिषद भरायची आहे, त्यांना माझा अनुभवाचा सल्ला एवढाच: केवळ नोकरी लांबली म्हणून मुलाला पुढे शिकवू नका. त्याला गणिताचा कंटाळा नाही ना, ते पाहा. 'गेट' द्यायला लावा, म्हणजे विद्यावेतनाची सोय होते. भारी फी भरण्यापूर्वी प्रबंधाला मार्गदर्शक कोण, प्रयोगशाळा कशी, याची चौकशी करा. आणि मुलापाशी स्वतःचा एखादा प्रश्न असेल, तर मात्र आडवे येऊ नका.

तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तारेच्या शुभेच्छांना क्रमांक असत, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. सगळा मजकूर धाडण्याऐवजी नुसता आकडा धाडायचा. पलीकडचा मास्तर त्यावरून मजकूर लिहून घ्यायचा. एक आकडा म्हणजे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. हे मी नातीला एकदा सांगितले होते आणि विसरूनही गेलो होतो.

गेल्या दिवाळीत तिला रात्रपाळी होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी अभ्यंगाला बसणार, तोच फोन वाजला. पडद्यावर नुसता एक आकडा होता: १.

मी कुटुंबाला हाक मारली आणि म्हणालो, "अहो, तार आली!"